तिरका उजेड

सकाळी ७

पुणे नाक्यावरून कंपनीची बस सुटते तेव्हा सूर्य जेमतेम वर आलेला असतो. फेब्रुवारीत सोलापुरात तो सातच्या जरा आधी उगवतो. बस वायव्येला, पुण्याच्या दिशेनं जाते, म्हणजे ऊन आमच्या पाठीशी. बाळे मागं पडतं, केगावचं विद्यापीठ जातं आणि कोंडीच्या आसपास रस्त्याच्या कडेला काढणीला आलेली ज्वारी दिसायला लागते. माझा पहिला धडा इथंच होतो. त्याला कॅमेरा लागत नाही.

समोरच्या काचेतून बघितलं की रान पूर्ण उजळलेलं असतं. रंग खरे दिसतात, पण सगळं सपाट. मागच्या काचेतून बघितलं तर तेच पीक काळपट, आणि प्रत्येक कणसाची कड तेवढी चमकते. बाजूच्या खिडकीतून एका ताटाची सावली दुसऱ्या ताटावर पडलेली दिसते, रानाला खोली येते. रान एकच, ऊन एकच, वेळही एकच. मी कुठल्या बाजूला तोंड केलं, त्यावर चित्र बदललं. नव्यानं फोटोग्राफी शिकणाऱ्या माणसानं सुरुवातीला एवढंच करावं, असं माझं ठाम मत आहे. उजेड कुठून येतोय ते आधी ओळखावं. बटणं नंतर.

राष्ट्रीय महामार्ग ६५ वर उसाच्या ट्रॅक्टरांची आणि पाकणीच्या तेल डेपोकडं निघालेल्या टँकरांची गर्दी सुरू झालेली असते. बस चिंचोळी एमआयडीसीत वळते.

सकाळी ८

मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. चिंचोळीत सगळ्या तऱ्हेचे कारखाने आहेत. प्रिसिजनसारखे कॅमशाफ्ट करणारे आहेत, बालाजी अमाइन्ससारखे रसायनं करणारे आहेत, औषधांचे आहेत आणि आमच्यासारखे कापडाचे. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल, दोन्हींनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळं आमच्या मालाला नाव आहे. पण बाहेरचा गिऱ्हाईक आता माल हातात घेण्याआधी फोटो मागतो. नमुन्याचा फोटो, किनारीचा फोटो, डाग निघाला तर डागाचा फोटो. मोबाइलवरून पाठवलेले फोटो पुरेनात, म्हणून साहेबांनी एक वापरलेला डीएसएलआर आणला, त्यावर १८-५५ ची साधी लेन्स, आणि म्हणाले, "ताई, चेकिंगची नजर तुमच्याकडं आहे. तुम्हीच शिका."

चेकिंगची नजर. हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण माझ्या शिकण्याचं सगळं बळ त्यात आहे.

टेबलावर बसण्याआधी मी कॅमेरा तपासून ठेवते. बॅटरी भरलेली आहे ना, कार्ड रिकामं आहे ना, आणि काल संध्याकाळी अंधारात वाढवलेला आयएसओ परत १०० वर आलाय ना. बाळ्यात आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवलेले एक काका मला रविवारी शिकवतात. त्यांच्या काळी रोल आत घातला की त्याचा आयएसओ ठरून जायचा, छत्तीस फोटो संपेपर्यंत बदलता यायचा नाही. "तुला दर फोटोला नवा रोल मिळालाय पोरी," ते म्हणतात, "म्हणून तर रोज सकाळी बघायचं, कुठला रोल आत आहे ते."

सकाळी ९.३०

या वेळेला आमच्या चेकिंग हॉलच्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन टेबलावर तिरकं येतं. हा दिवसातला सगळ्यात मोलाचा तास. याच्यासाठी मी बाकीची कामं मागं-पुढं करून घेते.

टेरी टॉवेलचं अंग म्हणजे उभ्या धाग्यांचे हजारो छोटे फासे. मागावर दोन बीम असतात. एकाच्या धाग्यानं पाया विणला जातो, दुसऱ्याचा धागा सैल सोडतात, तो वर उचलला जाऊन फासा होतो. आम्ही त्याला पाईल म्हणतो. टॉवेल पाणी शोषतो ते या पाईलमुळं, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतो तेही पाईलचेच. पण समोरून फ्लॅश मारला की पाईल गायब. फोटोत टॉवेल रंगीत कागदासारखा दिसतो. फ्लॅश लेन्सच्या शेजारून निघतो, प्रत्येक फाशाची सावली त्या फाशाच्याच मागं लपते, आणि सावली दिसली नाही तर उंची कळायची कशावरून?

हे आमच्या अक्कांना कॅमेऱ्याशिवाय माहीत आहे. अक्का माझ्याही आधीपासून चेकिंगला आहेत. संशय आला की त्या टॉवेल खिडकीशी नेतात, डोळ्यांच्या पातळीला आडवा धरतात आणि वरून उजेड सरपटत जाऊ देतात. ओढला गेलेला एक धागा, आखूड राहिलेली फाशांची एक ओळ लगेच उठून दिसते. पहिल्यांदा मी ट्रायपॉड लावला तेव्हा अक्का म्हणाल्या, "असं समोरून काय बघतीस? आडवं धर की जरा." फोटोग्राफीच्या पुस्तकात याला साइड लायटिंग म्हणतात आणि त्यावर प्रकरणं लिहिलेली असतात. अक्कांनी ते एका वाक्यात सांगितलं.

तर मी टॉवेल खिडकीजवळ सपाट अंथरते, उजेड डावीकडून येऊ देते. उजवीकडची बाजू फार काळी पडते, म्हणून तिथं थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करते. तो उजेड परत फेकतो, सावली राहते पण फिकट होते. थेट ऊन फारच कडक असेल तर खिडकीला पातळ पांढरं कापड लावते. कापडाच्या कारखान्यात त्याची काय वाण!

मग कॅमेऱ्याचे तीन हिशेब. ॲपर्चर म्हणजे लेन्समधल्या झरोक्याचं माप, आणि त्याचे आकडे उलटे चालतात. २.८ मोठा झरोका, १६ बारीक. झरोका मोठा असेल तर उजेड जास्त येतो, पण थोडाच भाग स्पष्ट राहतो, पुढचं-मागचं धूसर. मला टॉवेलची जवळची किनार आणि लांबचा कोपरा दोन्ही स्पष्ट हवेत, म्हणून मी ८ वर ठेवते. अगदी २२ पर्यंत नेलं तर सगळंच थोडं मऊ पडतं, कारण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशच पसरतो. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येणार. आणि आयएसओ म्हणजे आलेला उजेड आतल्या आत किती वाढवून घ्यायचा. वाढवला की दाणे येतात, आणि पाईलच्या फोटोत दाणे आले तर गिऱ्हाईकाला वाटेल कापडालाच गाठी आहेत. म्हणून आयएसओ १००. मग उरलं शटर, ते जाऊन बसतं सेकंदाच्या पंधराव्या भागावर. एवढ्या वेळात हात हलतोच. म्हणून ट्रायपॉड, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा धक्कासुद्धा विरून जातो.

या तिघांचं नातं एकदा हातात बसलं की पाठ करावं लागत नाही. ॲपर्चर ८ आणि शटर १/६० जेवढा उजेड देतं, तेवढाच ५.६ आणि १/१२५ देतं. झरोका एक पायरी उघडला, वेळ एक पायरी घटवला. मला हे आकडे वहीतून समजले नाहीत. एकाच टॉवेलचे एकामागून एक फोटो काढत गेले, दर वेळी एकच गोष्ट बदलली, आणि मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघितलं. तेव्हा उमगलं.

लेन्स मी १८ वर वापरत नाही. १८ ला टॉवेलच्या सरळ कडा बाहेर फुगतात आणि चौकोनी माल पिंपासारखा दिसतो. चार पावलं मागं जाऊन ५० च्या आसपास झूम करते. किनार सरळ तर विणकामावर विश्वास बसतो.

सकाळी ११

ऊन खिडकीतून निघून जातं, आता हॉटेलच्या ऑर्डरचे पांढरे टॉवेल. नवख्याला कॅमेरा सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो तो पांढऱ्यावर.

कॅमेऱ्यातला मीटर गृहीत धरतो की समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे. फोटोग्राफीत त्यासाठी साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा करडा रंग प्रमाण मानतात. चौकट भरून पांढरा टॉवेल दिसला की मीटरला वाटतं उजेड फार आहे, तो फोटो गडद करतो, आणि दुधासारखा टॉवेल धुवायला टाकलेल्या टॉवेलसारखा करडा येतो. गडद निळा टॉवेल ठेवला की उलटं, तो फिकट पडतो. म्हणून पांढऱ्यासाठी मी एक्स्पोजर अधिक एकवर नेते, कधी त्याच्याही थोडं पुढं. गडदासाठी उणे.

किती वाढवायचं ते मागच्या पडद्यावर डोळ्यांनी ठरवू नये. पडद्याचा उजेड हॉलमध्ये वेगळा दिसतो, उन्हात वेगळा. हिस्टोग्राम बघावा. तो डोंगरासारखा आलेख डावीकडं अंधार आणि उजवीकडं उजेड किती आहे ते सांगतो. पांढऱ्या टॉवेलचा डोंगर उजवीकडं हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. चिकटला म्हणजे तेवढ्या भागातले फासे कायमचे पुसले गेले, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाहीत.

दुपारी १२.४०

जेवणाची सुट्टी. आपल्याकडची घड्याळं ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत आणि सोलापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळं फेब्रुवारीत इथं सूर्य बाराला माथ्यावर नसतो. तो सर्वांत वर येतो बारा-चाळीसच्या सुमाराला. बाहेर कडुनिंबाखाली डबे उघडतात. कडक भाकरी, शेंगाचटणी, कुणाचं तरी पिठलं. या उन्हात माणसांचे फोटो काढू नयेत, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. काढायचाच झाला तर माणसाला सावलीच्या कडेशी बसवावं आणि तोंड उघड्या आभाळाकडं करायला सांगावं.

चिंचोळीत आणखी एक गोष्ट शिकावी लागते. कॅमेरा कुठं काढायचा नाही, ती. रसायनाच्या कारखान्यांत ज्वालाग्राही वायू असण्याची शक्यता असलेल्या भागात साधा कॅमेराच काय, मोबाइलही नेता येत नाही. ठिणगीचा धोका खरा असतो. शेजारच्या गेटचा फोटोसुद्धा मी विचारल्याशिवाय काढत नाही.

दुपारी २

विणकाम खात्यात. इथं आवाज इतका की बोलणं हातवाऱ्यांनीच. इथं मी लेन्स कधीच बदलत नाही. हवेत सूत तरंगत असतं, लेन्स काढली की तंतू आत सेन्सरवर जाऊन बसतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका येतो. हातपंपासारखा रबरी ब्लोअर खिशात असतो. तोंडानं फुंकर मारायची नाही, तिच्यात थुंकीचे थेंब असतात.

या खात्यानं मला शटर शिकवलं. साधा माग मिनिटाला शंभराहून जास्त आडवे धागे टाकतो. शटर १/५०० ठेवलं तर फणी जागच्या जागी गोठते, माग बंद असल्यासारखा दिसतो. १/८ ठेवलं, कॅमेरा खांबाला टेकवला, तर फणी धुरासारखी पसरते आणि तिच्यामागं विणणारे अण्णा स्पष्ट राहतात, कारण ते तुटलेल्या धाग्याकडं एकटक बघत असतात. दुसरा फोटो खरा. त्यात मागाचा वेग आणि माणसाचं लक्ष दोन्ही येतं.

वरच्या ट्यूबलाइटींचंही भान ठेवावं लागतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० च्या फोटोत आडवे काळसर पट्टे येऊ शकतात, किंवा एक फोटो उजळ तर दुसरा पिवळट. १/१०० किंवा १/५० ठेवलं की उजळण्या-मंदावण्याचा पूर्ण फेरा फोटोत मावतो आणि पट्टे जातात. म्हणून माणसांचे फोटो इथं १/१०० वर, ॲपर्चर ४, आयएसओ १६०० च्या आसपास. थोडे दाणे चालतात. चेहऱ्यावर ते टोचत नाहीत.

अण्णांना विचारल्याशिवाय मी कॅमेरा वर करत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. काम करणारा माणूस इतका जवळून दिसायचा तर त्यानं फोटो काढणाऱ्याला जवळ येऊ दिलेलं असलं पाहिजे. मीही त्यातलं थोडं करू बघते. काढलेला फोटो आधी अण्णांना दाखवते. घाम पुसायचा असेल तर पुसतात, "आता काढ" म्हणतात. बहुतेक वेळा आधीचाच चांगला असतो, पण ठेवायचा कुठला ते अण्णा ठरवतात.

खात्याच्या कोपऱ्यात डिझाइनचा आलेख कागद लटकवलेला असतो. जेकार्डवर मोर किंवा वेल विणायची तर आधी ती चौकटींच्या कागदावर उतरवतात. रंगवलेली चौकट म्हणजे धागा वर, मोकळी म्हणजे खाली. कॅमेऱ्याचा सेन्सर मला समजला तो या कागदापाशी. तिथंही आडव्या-उभ्या ओळींत बारीक चौकटी, आणि प्रत्येक चौकट फक्त किती उजेड पडला ते मोजते, रंग तिला कळत नाही. रंगासाठी प्रत्येक चौकटीवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या, कारण माणसाचा डोळा उजेडातला बारकावा हिरव्या भागात जास्त टिपतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. त्याच कोडॅकमध्ये १९७५ च्या डिसेंबरात स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा चालवून दाखवला. शंभर गुणिले शंभर चौकटींचा फोटो, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. शंभर बाय शंभर म्हणजे टॉवेलच्या कोपऱ्यातली एक छोटी फुलवेल, आमच्या डिझाइनरला अर्ध्या दिवसाचं काम.

दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की घोटाळा होतो, हेही मागावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बारीक सपाट विणीचा पट्टा लांबून काढला तर फोटोत नसलेल्या लाटा आणि इंद्रधनुषी डाग उमटतात. विणीची जाळी आणि सेन्सरची जाळी जवळजवळ सारख्या मापाची झाली की हे होतं. दोन पावलं पुढं-मागं व्हायचं किंवा कॅमेरा थोडा वाकडा करायचा, लाटा जातात.

दुपारी ४

रंगखातं. इथं एक पेटी आहे, आतून करडी, आत वेगवेगळे दिवे. डी६५ म्हणजे ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे युरोपातल्या दुकानातल्या ट्यूबसारखा, आणि एक पिवळा, घरातल्या जुन्या बल्बसारखा. गिऱ्हाईकाचा मंजूर नमुना आणि आपला टॉवेल शेजारी ठेवून प्रत्येक दिव्याखाली जुळवतात. एका दिव्याखाली अगदी एक दिसणारे दोन मरून दुसऱ्याखाली वेगळे निघतात, हे इथं रोज बघायला मिळतं.

कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर. उजेड पिवळा आहे की निळा, ते कॅमेऱ्याला सांगायचं. ऑटोवर ठेवलं तर तो चौकटीतल्या रंगांवरून अंदाज बांधतो, आणि चौकट भरून मरून टॉवेल असला तर मरूनलाच उजेडाचा दोष समजून निवळतो. म्हणून मी आधी पेटीत करडं कार्ड ठेवून त्याचा फोटो घेते, कॅमेऱ्याला सांगते की हे करडं आहे, मगच टॉवेल. सगळे रंगाचे फोटो डी६५ खाली, एकाच व्हाइट बॅलन्सवर. गिऱ्हाईकाच्या पडद्यावर तो कसा दिसेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून नमुना कुरिअरनं जातोच. पण आमच्या बाजूनं रंग घसरत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

पांढरा मात्र इथंही त्रास देतो. त्यात चकाकी आणणारी रसायनं असतात, ती अतिनील किरणं घेऊन निळसर उजेड परत देतात, त्यामुळं पांढऱ्याला निळी झाक येते. ती मालाची आहे, कॅमेऱ्याची नव्हे. अशी झाक मी काढून टाकत नाही.

संध्याकाळी ५.१५

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. फोटो रॉ आणि जेपेग दोन्हींत घेतलेले असतात. जेपेगमध्ये कॅमेऱ्यानं स्वतःच रंग आणि उजेड ठरवून बाकीची माहिती टाकून दिलेली असते. रॉमध्ये सगळं जपलेलं, व्हाइट बॅलन्स नंतरही बदलता येतो. फाइल मोठी होते, पण नमुन्यासाठी ती ठेवावीच. प्रत्येक फाइलच्या नावात ऑर्डर नंबर, रंग, तारीख. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातून फॉरमॅट. वाईट फोटो मी लगेच पुसत नाही. ते उघडून खालची माहिती बघते, शटर काय होतं, ॲपर्चर काय होतं. शिकवणी तिथंच लागते.

संध्याकाळी ६

निघता निघता दुसऱ्या पाळीचा जॉबर एक गिअर घेऊन येतो. दात झिजलेत, पुरवठादाराला फोटो पाठवायचाय, त्यानं मोबाइलवर काढलेल्यात झीज कळत नाही. बाहेर ऊन उतरलंय, खिडकीचा उपयोग नाही. मी गिअर करड्या कागदावर ठेवते, ट्रायपॉड लावते, ॲपर्चर ११, टायमर. जॉबरला म्हणते, "दादा, मोबाइलचा टॉर्च वरून नको. पार खाली, टेबलाला टेकवून धरा. अजून खाली." उजेड दातांवरून सरपटत जातो, झिजलेल्या तीन दातांच्या माथ्यावर सावलीच पडत नाही, बाकीच्यांवर पडते. फोटोत फरक बोटावर मोजता येतो. जॉबर फोटो मोबाइलवर घेतो, तिथल्या तिथं पाठवतो आणि मागाकडं पळतो. माझी बस गेटवर लागलेली असते.